रंग आधी, तेल नंतर

सकाळी ८:४५. शटर अर्ध्यावर येऊन अडतं. त्यावर पुनर्विकासाच्या सर्व्हेचा नंबर रंगवलाय, आणि रंगवणाऱ्यानं कडीवरूनही ब्रश ओढलाय. तेव्हापासून कडी चिकटते. मामा रोज तिला मशीनचं दोन थेंब तेल देतात, एक शिवी देतात आणि खांद्यानं शटर वर लोटतात. धारावीत, नव्वद फुटी रोडपासून दोन गल्ल्या आत, आठ बाय दहाचा गाळा. भाडं महिना १२,०००, विजेचं बिल वेगळं. पाटी नाही. गल्लीत कुणालाही "जॅकेटवाले मामा" विचारलं की बोट दाखवतात.

आत खिळ्याला एक काळं जॅकेट टांगलंय. हँगरच्या खांद्यांना फोमचे तुकडे गुंडाळून जाड केलंय. जॅकेट काल दुपारी साबणाच्या फेसानं पुसून काढलं. बादलीत बुडवलं नाही, फक्त ओल्या स्पंजनं. मग सावलीत, पंख्याखाली, रात्रभर. कॉलरवर मात्र पांढरी पूड थापलेली आहे. शंखजिरं. गाडी चालवणाऱ्याच्या मानेचा घाम आणि डोक्याचं तेल वर्षानुवर्षं कॉलरमध्ये मुरत जातं. ते पाण्यानं निघत नाही. शंखजिरं रात्रभर ओढून घेतं. मामा मऊ ब्रशनं पूड झाडतात. खाली पडते ती पिवळट.

"गड्यानं शनिवारचं सुद्धा डोकं धुतलं नाही कधी," मामा म्हणतात.

९:१५. चहा. कटिंग १० रुपये. मामा जॅकेट टेबलावर उताणं पसरतात आणि अंगठ्यानं दाबत दाबत खालपासून वर जातात. मालक ठाण्याचा, चाळिशीतला. जॅकेट वडिलांचं. वडील येझदी रोडकिंग मोटरसायकल चालवायचे. तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, जॅकेट त्याच्याही आधीचं. दिल्लीहून आणलेलं. आतलं लेबल झिजून नुसतं कापड राहिलंय.

बेत तोच, जो सगळ्या जगानं उचलला. छातीवर तिरकी चेन, रुंद कॉलर, कमरेला पट्टा. न्यूयॉर्कच्या अर्विंग शॉटनं १९२८ मध्ये असं जॅकेट काढलं आणि आपल्या आवडत्या सिगारचं नाव त्याला दिलं, परफेक्टो. किंमत साडेपाच डॉलर. चेन तिरकी असली की छातीवर कातड्याचे दोन पदर येतात, वारा आत शिरत नाही, आणि पुढे वाकून बसलं तरी चेन गळ्याशी टोचत नाही. मामांना शॉट ठाऊक नाही. पण तिरकी चेन का, ते त्यांनी न विचारता सांगितलं.

पोटाशी, टाकीवर घासून घासून, पट्ट्याच्या बकलाखाली रंग उडालाय. कोपरांच्या आतल्या घडीत बारीक भेगा. आणि उजव्या कोपरावर तीन इंच फाटलंय.

"उजव्या अंगावर पडलाय. वेग फार नसणार, नाहीतर खांदापण सोलवटला असता." मग कड चिमटीत धरून, "गाईचं आहे. सव्वाचं."

सव्वाचं म्हणजे सव्वा मिलिमीटर जाडीचं. मोजायचं यंत्र खणात आहे, ते काढत नाहीत. असा माल आता गल्लीत सहसा दिसत नाही. राज्यात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. दुकानांत म्हशीचं, मेंढीचं, बकरीचं लेदर असतं, आणि त्यातलंही बरंचसं चेन्नई-कानपूरकडून येतं.

१०:००. पोरगा येतो. बिहारचा, वीस-एकवीसचा. रोज ५०० रुपये आणि दोन चहा. तो मामांना "उस्ताद" म्हणतो, मामा त्याला "बाळा". आल्या आल्या तो शेजारच्या पाकिटवाल्याकडून कातरणाची गोणी उचलून आणतो. मोठ्या कारखान्यांत कापून उरलेले तुकडे किलोवर मिळतात. त्यातून मामा बकरीच्या अस्तराचा एक पातळ, तळहाताएवढा तुकडा निवडतात. चार टाकून देतात, पाचवा घेतात.

आता कोपर. फाटलेल्या जागेला मागून ठिगळ लावायचं, तर बाहीच्या आत हात गेला पाहिजे, आणि मध्ये अस्तर आहे. माझी समजूत अशी की अस्तर कापावं लागणार. मामा बाही उलटी करतात आणि अस्तराच्या शिवणीवरून नख फिरवत नेतात. एका जागी थांबतात. तिथली टीप जराशी वाकडी, दोरा वेगळा. कारखान्यात जॅकेट उलटं शिवतात, आणि शेवटी सुलटं करायला अस्तरात एक जागा उघडी ठेवून मग ती वरून बंद करतात. मामांनी उमेदीची वर्षं एक्स्पोर्टची जॅकेटं पीसवर शिवली. त्यामुळे हे दार कुठे असतं, ते हाताला माहीत आहे. ब्लेडच्या टोकानं सहा टाके उसवले, हात कोपरापर्यंत आत.

मग रापी. चांभाराची रुंद पात्याची सुरी. ही मामांच्या वडिलांची. वडील साताऱ्याकडून आले, जोडे शिवायचे. पातं घासून घासून बोटभर आखूड झालंय. काळ्या फरशीच्या तुकड्यावर मामा बकरीचं कातडं पालथं ठेवतात आणि कडा छिलतात. रापी जवळजवळ आडवी. ढकलायची नाही, सरकवायची. कातड्याचे पापुद्रे निघतात, इतके पातळ की फुंकरीनं उडतात. चारही कडा शून्यावर आणायच्या. कड जाड राहिली तर ठिगळाची चौकट बाहेरून उमटते, आणि कोपर वाकवताना नेमक्या त्या चौकटीवर नवी चीर जाते. या छिलण्याला वीस मिनिटं लागली. बिलात याची ओळ नाही.

दोन्ही अंगांना रबराचं सोल्यूशन. लगेच चिकटवायचं नाही. बोट लावल्यावर बोटाला येणार नाही इतकं सुकू द्यायचं. पोरगा पुठ्ठ्यानं वारा घालायला जातो. "राहू दे बाळा, आपसे सूखने दे." दहा मिनिटं सगळे नुसते बसतो. गाळ्यात सोल्यूशनचा वास दाटतो, माझं डोकं जड होतं, त्या दोघांचं होत नाही. मग ठिगळ आत सरकतं. बाहेरून मामा आरीच्या टोकानं फाटलेल्या दोन्ही कडा एकेक तंतू करत जवळ आणतात. वर कापड, त्यावर हातोडी. ठोकायचं नाही, टेकवायचं.

फट अजून दिसते. तिच्यात भरायची लापी वेगळी असते, वाकली तरी न तडकणारी. ब्लेडनं एक पातळ हात. सुकलं की बारीक कागदानं घासायचं, पुन्हा एक हात. असे तीन झाले. एका हातात भरून टाकली तर? "महिन्यात सुटून खिशात येईल."

११:५०. मधल्या वेळात एक बाई बॅगेचा पट्टा शिवून नेते, १२० रुपये. एक मुलगा पाकिटाची कड, ८०.

मग चेन. मालकानं नवी बसवायला सांगितलीय. ठरलेल्या ३,२०० रुपयांत चेनचे ४५० आहेत. जुनी वर ओढली की निम्म्यावर फाटते. मामा ब्लेड हातात घेतात, ठेवतात, खिडकीशी जाऊन दाते पाहतात. एकही पडलेला नाही. रनर पाहतात. रनरचे दोन ओठ वर्षानुवर्षं ओढून फाकलेत. दातांना एकमेकांत दाबायला जोरच उरला नाही.

पक्कड. डावीकडे एक चिमटा, उजवीकडे एक. तेवढाच. जुने रनर जस्ताचे, जास्त दाबले की तडकतात. ओढून बघितलं, अजून फाटते. आणखी एक चिमटा, आधीच्यापेक्षा हलका. देवाजवळची अर्धी मेणबत्ती घेऊन दातांवर घासली. चेन खालपासून गळ्यापर्यंत गेली. मामांनी चार वेळा वर-खाली केली.

"झालं. ४५० बुडाले," मी म्हणते.

"नवी बसवायची तर सगळी शिवण उसवा, जुन्या भोकांत सुई परत पडत नाही, नवी भोकं पडतात. कातड्याला भोक म्हणजे कायमचं. कशाला?"

माझ्या मते हे ४५० रुपये त्यांनी घ्यायला हवे होते. निदान १५० तरी. पाहणं हेसुद्धा कामच आहे. मामा मान हलवतात, हो की नाही ते कळत नाही.

१:३०. डबा. ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या शेंगा, मिरचीचा ठेचा. पोरगा बाहेरून १५ रुपयांचे दोन वडापाव आणतो, मामा त्यातली एक हिरवी मिरची उचलतात. गल्लीत मशीन थांबलीत म्हणून बोलणं ऐकू येतं. मामांच्या लहानपणी इथे टॅनऱ्या होत्या. कत्तलखाना वांद्र्याला, कातडी इथे यायची, मिठात घातलेली. १९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला गेला, पुढे टॅनऱ्याही गेल्या. कातडं कमावणं संपलं, शिवणं राहिलं. "वास गेला ते बरंच झालं," मामा म्हणतात. कुणी हळहळ काढावी अशी त्यांची अपेक्षा दिसत नाही.

२:२०. डोंबिवलीहून एक तरुण. पाठीवर ऑफिसची सॅक. पिशवीतून तपकिरी जॅकेट काढतो. खांद्यावरचे पापुद्रे सुटलेत, बाह्या कोडासारख्या झाल्यात. ऑनलाइन घेतलं होतं, लेदर म्हणून, ४,५०० ला. तीन वर्षं झाली.

मामा सुटलेला एक पापुद्रा सोलून त्याला दाखवतात. खाली विणलेलं कापड. कातड्याच्या पोटात तंतू असतात, गुंतलेले, लव असल्यासारखे. ताणा-बाणा नसतो. हे कापडावर चढवलेलं पॉलियुरेथेनचं पुट आहे, आणि दमट हवेत ते आपोआप मोडतं. वापरा अथवा कपाटात ठेवा, मुंबईच्या पावसात तीन-चार वर्षांत भुगा.

"रंग मारून देता येईल ना, काका?"

"येईल. ८०० घेईन. दोन महिन्यांनी रंगासकट पडेल. मग तू मला शिव्या देशील."

तरुण जॅकेट परत पिशवीत कोंबतो. काही न देता जातो, मामाही मागत नाहीत. पाच मिनिटं गेली.

३:००. रंग. इथे मामा बोलणं बंद करतात. काळ्यावर काळा मारायचा यात काय अवघड, असं मला वाटत होतं. काचेच्या तुकड्यावर ते काळ्या रंगाचा एक ठिपका काढतात आणि जॅकेटशेजारी धरतात. ठिपक्यापुढे जॅकेट चक्क तपकिरी दिसतं. जुना काळा विटत विटत तांबूस होतो, आणि बाटलीतला काळा निळसर असतो. काळ्यात चॉकलेटी, काडीच्या टोकानं. अजून थोडा. मग जरासा पिवळा. बाइंडर आणि पाणी. कमरेच्या आतल्या पट्टीवर, जिथे कुणी बघणार नाही, तिथे एक बोट. सुकू दिलं. गल्लीत उजेडात नेऊन पाहिलं. परत येऊन आणखी काडीभर चॉकलेटी.

रंग लावायच्या आधी कोपर, टाकीवर घासलेली जागा आणि बकलाखालचा भाग कापसाच्या बोळ्याला थिनर लावून हलकाच पुसतात. बोळा काळा होतो. आत कुठे तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. म्हणूनच या धंद्यात क्रम ठरलेला. रंग आधी, तेल नंतर. उलटं करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची जॅकेटं मामांकडे येतात.

स्पंजचा लहान तुकडा, रंगात टेकवून कागदावर जवळजवळ कोरडा केलेला. टिपत टिपत. एक हात, सुकू द्या. दुसरा हात, सुकू द्या. कोपरावर चार, पोटाशी तीन. सगळ्या जॅकेटवर गन फिरवली असती तर अर्ध्या तासात काम होतं. कॉम्प्रेसर पोटमाळ्यावर आहे. "मग ते रंगवलेलं दिसतं," मामा म्हणतात. घड्यांतल्या बारीक भेगा त्यांनी तशाच ठेवल्यात. वरून मंद लॅकरचा एक हात, रंग कपड्यांना लागू नये म्हणून.

४:४०. आणखी एक जॅकेट. गेल्या उन्हाळ्यात लडाखला जाऊन आलेलं. चार महिने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात. त्याआधी कुणीतरी प्रेमानं खोबरेल चोळलेलं. पिशवी उघडताच पोरगा मागे सरकतो. पांढरी-हिरवी बुरशी, काखेत दाट. पाऊस संपला आणि कपाटं उघडली की ऑक्टोबरभर हेच येतं. पोरगा नाकाला रुमाल बांधून ते गल्लीत नेतो, आत झटकलं तर बुरशी सगळ्या मालावर बसेल. कोरडा ब्रश, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, मग कोरडं फडकं. १,१०० ठरले, ३०० आगाऊ.

५:३०. आता तेल. खरं तर मलम. डबीत मधमाशीचं मेण आणि लोकरीतून निघणारं मेण, लॅनोलिन. कातडं कमावताना शेवटी त्यात तेल मुरवलेलं असतं. ते वर्षांमागून वर्षं निघून जातं, तंतू एकमेकांना चिकटतात आणि कातडं पापडासारखं होतं. वाकवलं की तडा. तेल परत घालायचं, पण बेतानं. जास्त झालं तर कातडं लिबलिबीत होतं, आकार सोडतं, शिवणीतला जुना सुती दोरा सडतो. खोबरेल तर नकोच. ते कालांतरानं खवट होतं आणि चिकटपणाला धूळ-बुरशी धरते.

मामा दोन बोटांवर मलम घेतात, तळहातावर चोळून पातळ करतात. मग जुन्या बनियनच्या तुकड्यानं पाठीपासून सुरुवात. पाठ मोठी, तिथे हात बसतो. गोल गोल. मग खांदे, बाह्या. कोपराच्या घडीत बाही वाकवून, भेग उघडून, आत बोटानं. खिशांच्या कडा. कॉलरची मागची बाजू, जी सगळे विसरतात. अख्ख्या जॅकेटला डबीचा चौथा हिस्साही लागला नाही. अर्धा तास तसंच ठेवलं. मग कोरड्या कापडानं राहिलेलं सगळं पुसून घेतलं. दुसरा हात, पहिल्यापेक्षा कमी. मामांच्या बोटांच्या पेरांना भेगा आहेत, त्यांत काळा रंग कायमचा बसलाय. पण मलम ज्या दिवशी असतं त्या दिवशी हात मऊ राहतो म्हणतात.

त्या अर्ध्या तासात त्यांनी अस्तराचे उसवलेले सहा टाके हातानं घातले. कारखान्यातल्यापेक्षा सरळ.

७:१५. मालक येतो. जॅकेट अंगात घालतो, हात पुढे करून हँडल धरल्यासारखं करतो. कोपर शोधतो. उजवं की डावं, त्याला आठवावं लागतं. चेन वर ओढतो.

"नवी चेन छान आहे."

"जुनीच आहे. ४५० कमी द्या."

तो खांद्याकडे बघतो. "पण चमक नाही आली, काका."

"चमक पाहिजे तर बुटाचं पॉलिश आणा, घरी मारा. वडिलांच्या अंगात असताना चमकत होतं का?"

मालक हसतो, भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करतो. २,७५० जमा झाल्याचं डबड्यातली बाई मोठ्यानं सांगते.

८:३०. हिशोबाची वही. जमा: २,७५०, ३००, १२०, ८०. एकूण ३,२५०. खर्च: पोराचे ५००, भाड्याचा रोजचा वाटा ४००, सोल्यूशन, थिनर, रंग धरून १५०, चहा ९०. उरले २,११०. पण काल दुपारपासून हेच जॅकेट चालू होतं आणि काल जमेच्या रकान्यात काही नाही, खर्चाचा रकाना मात्र भरलेला, ९९०. म्हणजे दोन दिवसांचे ११२०. नव्वद फुटी रोडच्या दुकानात म्हशीचं नवं जॅकेट ७,००० ला टांगलंय, रेक्झिनचं १,८०० ला. मामांनी दर कुठवर वाढवायचा, ते त्या दोन आकड्यांनीच ठरवलेलं आहे.

तुमच्या कपाटात असं एखादं जॅकेट असेल तर ते प्लास्टिकमधून बाहेर काढा. जुन्या चादरीचा अभ्रा घाला, जाड हँगर वापरा, खिसे रिकामे करा. भिजलं तर उन्हात नको, हेअर ड्रायर तर नकोच. आणि दाखवायला आणायचं तर मे महिन्यात आणा. ऑक्टोबरात आणलंत तर बुरशीचे पैसे वेगळे पडतात. मामा सोमवारी बंद असतात.